मागच्या सीटवरचा कप्तान

प्रत्येक मित्रमंडळात एक कप्तान असतो. पूर्वी तो ट्रेकवाला असे, मग सायकलवाला झाला, मध्यंतरी मॅरेथॉनवाला होता. हल्ली तो कयाकवाला आहे. नोकरी आयटीत नाहीतर बँकेत, घर कोथरूडला नाहीतर बाणेरला, वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आणि गाडीच्या टपावर दोघांची नारिंगी कयाक. दोघांचीच का? एकट्याची स्वस्त पडते, हलकी असते, चढवायला-उतरवायला सोपी जाते. पण तिच्यात श्रोता बसत नाही.

पुण्यात नद्या आहेत, पण कप्तान त्यांना नदी म्हणत नाही. मुळा-मुठेत जलपर्णी अशी माजते की वल्ह्याऐवजी कोयता न्यावा. संगमाजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं १९२८ पासून याच पाण्यात रेगाटा भरवतात, हे सांगून पाहिलं तर तो म्हणतो, "ते रोइंग. वेगळं असतं." त्या रेगाटात कयाकचा बॅलेही होतो, हे त्याच्या कानावर घालण्यात अर्थ नाही.

त्याची नदी म्हणजे कोलाडची कुंडलिका. शुक्रवारी रात्री साडेदहाला फोन येतो, "उद्या पाचला गेटपाशी उभा राहा. पाणी आपल्यासाठी थांबत नाही." यात मात्र अतिशयोक्ती नाही. कुंडलिकेला भर उन्हाळ्यातही ओढ असते, ती वीज तयार करून सोडलेल्या पाण्यामुळे. पाणी सुटलं की नदी धावते, बंद झालं की दगड उघडे पडतात. कप्तान सहसा उघड्या दगडांच्या वेळेला पोचतो, कारण पौडला मिसळीसाठी त्यानंच गाडी थांबवलेली असते.

मुळशीचं धरण दिसलं की तास सुरू होतो. मुळेचं हे पाणी खरं म्हणजे पुण्यावरून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी ते अडवलं, बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवलं. १९२७ पासून तिथे वीज होते आणि पाणी कुंडलिकेतून रोह्यावरून रेवदंड्याला, थेट अरबी समुद्रात. हे सगळं खरं आहे आणि ऐकण्यासारखंही आहे. पहिल्यांदा. ज्यांच्या जमिनी या धरणात गेल्या, ज्यांच्यासाठी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला आणि ज्या लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' केलं, त्यांच्या वाट्याला कप्तानाचं अर्धं वाक्य येतं. टर्बाइनच्या वाट्याला अख्खा ताम्हिणी घाट.

काठावर सामान निघतं. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पाण्यातले बूट, ड्राय बॅग, तिच्यात आणखी एक ड्राय बॅग आणि गळ्यात शिट्टी. शेजारी राफ्टवरची गावातली पोरं चड्डी-बनियनवर जॅकेट चढवून, अनवाणी, तयार उभी असतात. ती कप्तानाकडे कौतुकानं बघतात, असं कप्तानाला वाटतं.

मग पुढे आपण, मागे तो. पुढच्यानं लय धरायची आणि मागच्यानं तिच्याशी जुळवून घेत दिशा सांभाळायची, हा नियम त्यानं काढलेला नाही, खरोखरच आहे. पण या नियमाची एक बाजू कुणी सांगत नाही. पुढच्याला मागचा दिसत नाही. मान वळवली तर होडी डुलते आणि तो ओरडतो, "समोर बघ!" त्यामुळे मागचा वल्हवतोय की नुसता हातवारे करतोय, हे कळायला मार्ग नाही. पाठीमागून फक्त आवाज येत राहतो. "हातानं ओढू नकोस, कमरेतून वळ. मनगट फिरव, दोन पाती एका रेषेत नसतात. दगडाच्या मागे बघ, पाणी उलटं फिरतंय. तिथे जाऊन थांबायचं. पाणी वाचायला शीक रे." पुस्तकी म्हणून हसावं, तर प्रत्येक शब्द बरोबर असतो. हाच त्याचा खरा त्रास.

एकदा एक राफ्ट शेजारून गेली. सुकाणूवरचा विशीतला पोरगा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, पुढच्या काकांना दम लागलाय. तुम्ही पण मारा की जरा!"

"मी दिशा सांभाळतोय," कप्तान म्हणाला. त्या वेळी आम्ही आडवे चाललो होतो.

पुढच्या खळाळात उलटलो. पाणी थंडगार, पायाखाली काही नाही, नाकात निम्मी मुळशी. आणि मी वर यायच्या आतच माझ्या जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा कुणीतरी घट्ट धरला होता. कप्तानानं आपलं वल्हं सोडून दिलं होतं, ती किमती ड्राय बॅगही सोडून दिली होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात होडी. मला काठाला लावलं, होडी सरळ केली, पाणी उपसलं आणि "बस" म्हणाला. दिवसभरात तेवढ्या एकाच वेळी तो एका शब्दावर थांबला.

संध्याकाळी वडापावच्या गाडीपाशी ओल्या कपड्यांत उभं राहून तो दोन अनोळखी मुंबईकरांना समजावत होता, "उलटणं मुद्दाम शिकावं लागतं. आज याचा सराव करून घेतला."

तुमच्याही ओळखीत असा कप्तान असेल. फोन आला तर जा. जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा, सुके कपडे त्याच्या बॅगेत देऊ नका आणि एकदा मागची जागा मागून पाहा. देणार नाही.