पुढची खेप बघा!

अमेरिकेतल्या कुठल्याही बंदुकीच्या दुकानात जा, काचेच्या कपाटावर कोपरं टेकून हे गृहस्थ उभे असतात. साठीच्या आसपासचं वय, डोक्यावर काडतूस कंपनीची फुकट मिळालेली टोपी. विकत काही घ्यायचं नसतं. कुणी नव्या पिस्तुलाला नावं ठेवली की ती खोडून काढायची, एवढ्यासाठी ते येतात. नव्या मॉडेलमध्ये सुरुवातीला थोडं इकडंतिकडं व्हायचंच, असा त्यांचा सिद्धांत आहे. "पुढची खेप बघा!"

त्यांचा खरा जीव रेमिंग्टन आर-51 वर. 2014 च्या सुरुवातीला हे पिस्तूल आलं. नऊ एमएम, अंगानं सडपातळ, छापील किंमत 420 डॉलर. घराण्याचं तर विचारूच नका. जॉन पेडरसननं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घडवलेलं मॉडेल 51 म्हणजे याचे आजोबा, आणि ते जनरल पॅटनच्याही पदरी होते! स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थासारखे गृहस्थ ही वंशावळ सांगतात. मुलगा काय करतो असं विचारलं की पुन्हा आजोबांवर येतात.

मुलगा अडकत होता. पेडरसनच्या रचनेत बार झाला की स्लाइडमधला बोल्ट तिच्याबरोबर किंचित मागं येतो आणि एका खाचेला टेकून थबकतो. स्लाइड मात्र मागं जात राहते आणि मग त्यालाही ओढून नेते. युक्ती सुंदर आहे, पण सुटे भाग जरा ढिसाळ घडले की ती सगळी बोंबलते. बाजारात येण्याआधी मासिकांनी कौतुकं छापली होती. गिऱ्हाइकांनी घरी नेलेल्या पिस्तुलांत काडतुसं अडकू लागली. बोल्ट पुरता बंद नसतानाही बार उडतो, अशाही तक्रारी आल्या.

"मनगट ढिलं धरताय," गृहस्थ म्हणाले. मग म्हणाले, "काडतुसं स्वस्तातली आहेत." मग, "आधी पाचशे गोळ्या झाडा, आपोआप मोकळं होईल." या पाचशे गोळ्यांचे पैसे कुणी द्यायचे, यावर त्यांचं मत नव्हतं.

जुलै 2014 मध्ये खुद्द कंपनीनंच पिस्तुलं परत मागवली. जुनं पाठवा, ऑक्टोबरपर्यंत नवं देतो, वर दोन जादा मॅगझिन आणि पेलिकनची भक्कम पेटी. ऑक्टोबर आला. पुढच्या वर्षीचाही आला. नवी आवृत्ती दुकानात लागली 2016 मध्ये. गृहस्थांना त्या उशिरातही निष्ठाच दिसली. "घाई केली नाही, बघा!" त्यांच्या पत्नीचं मत वेगळं आहे: "पेटी चांगली आहे. ती अडकत नाही."

कोंडीत सापडले की ते रुगरचा दाखला देतात, आणि तो खराच आहे. 2008 या एका वर्षात रुगरनं एसआर9 आणि एलसीपी ही दोन पिस्तुलं परत बोलावली. खाली पडली तर गोळी सुटण्याची भीती होती. तरीही एलसीपी नंतर धडाक्यानं खपलं. म्हणजे बदनाम पिस्तूल सावरू शकतं. पण रुगरनं गिऱ्हाइकाचंच पिस्तूल दुरुस्त करून त्याला परत पाठवलं. तारीख देऊन दोन वर्षं वाट पाहायला लावली नाही. हा फरक दाखवला की गृहस्थ कपाटातली एखादी रिव्हॉल्व्हर बघायला मागतात.

दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा पुष्कळ बरी होती, हे मान्य करायला हवं. फक्त तोवर सडपातळ नऊ एमएम पिस्तुलांनी बाजार भरला होता आणि आर-51 चं नाव निघालं की लोक हसत होते. रेमिंग्टननं 2018 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. आर-51 आता बनत नाही.

तुम्ही तिकडं राहत असाल आणि कुणी जुनं आर-51 स्वस्तात देऊ केलं, तर आजोबांचं राहू द्या, आधी ते 2014 चं की 2016 नंतरचं एवढं विचारून घ्या.