काढलेल्या चुकांचं प्रदर्शन

मुद्रितशोधकाचं काम चोख झालं की ते कोणालाही दिसत नाही. दिसलंच, तर ते बिघडलेलं असतं. पुस्तक मिटून 'वा, काय वेलांट्या आहेत!' असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण 300 पानांत एक 'पाणि' राहून गेला, तर तो नेमका लेखकाच्या सासऱ्यांना सापडतो. अशा धंद्यात केस पिकलेल्या माणसाला अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशनाच्या नव्या संपादकबाई म्हणाल्या, "सर, तुमच्या पोर्टफोलिओची लिंक पाठवून ठेवा ना."

माझा पोर्टफोलिओ म्हणजे एक कापडी पिशवी. तीत लाल पेनं, अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' आणि चालू पुस्तकाचा एखादा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा. पिशवीची लिंक निघत नाही.

"मामा, त्यात काय!" भाची म्हणाली. "हल्ली कोडिंग यावं लागत नाही. उचलायचं, ओढायचं, सोडायचं. झाली वेबसाइट." मग तिने यादी सांगितली. वर्डप्रेस 2003 पासून आहे, मूळचं ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. विक्स इस्रायलमध्ये 2006 साली निघालं. कॅनव्हात लग्नपत्रिकेपासून वेबसाइटपर्यंत सगळं होतं, आणि जीमेल असेल तर गुगल साइट्सला पैसेही पडत नाहीत. यांतलं मी काही निवडलं, की भलतंच पाचवं काही, ते मी सांगणार नाही, कारण त्याच्याबद्दल मला पुढे बरंच बोलायचं आहे.

पहिल्याच पडद्यावर प्रश्न आला: तुम्ही कोण? खाली पर्याय. फोटोग्राफर, योगशिक्षक, उपाहारगृह, गायक, लग्नाचे नियोजक, कुत्र्यांचे केशकर्तनकार. कुत्र्यांचे केस कापणाऱ्याची सोय होती, लेखकांच्या चुका कापणाऱ्याची नव्हती. मी नाइलाजाने 'लेखक' निवडलं आणि दुसऱ्या क्षणी माझी वेबसाइट तयार झाली. म्हणजे माझी नव्हे, तळ्याकाठी बसलेल्या एका परदेशी तरुणाची. त्याच्यासमोर लाकडी टेबल, टेबलावर कॉफी, कॉफीशेजारी मिटलेला लॅपटॉप. कागदाचा एक कपटाही नाही. एवढ्या स्वच्छ टेबलावर कोणी काही लिहिलं असेल यावर माझा विश्वास बसला नाही.

तरुणाच्या खाली एक आकडा शून्यापासून धावत सुटायचा आणि 500 वर जाऊन थांबायचा: 'समाधानी ग्राहक.' आमच्याकडे समाधानी ग्राहक ही जातच नाही. आमच्याकडे 'अजून झालं नाही का?' विचारणारे ग्राहक असतात आणि झाल्यावर फोन न उचलणारे असतात. त्यांचा आकडा लावायला माझी हरकत नव्हती, पण त्याला चौकट नव्हती.

त्याखाली कौशल्यांच्या पट्ट्या. प्रत्येक कौशल्यासमोर एक निळी पट्टी आणि तिच्या टोकाला टक्के. भाचीने उत्साहाने भरलं: ऱ्हस्व-दीर्घ 95, विरामचिन्हं 90, जोडाक्षरं 85.

"उरलेल्या 15 टक्के जोडाक्षरांचं मी काय करतो?" मी विचारलं.

"अरे मामा, 100 लिहिलं तर खोटं वाटतं."

"आणि 85 लिहिलं तर कोण काम देईल? माझ्या धंद्यात 85 म्हणजे नापास."

पट्ट्या काढल्या. त्या काढताना तळ्याकाठचा तरुण सरकून पानाच्या तळाशी गेला आणि बराच काळ कॉपीराइटच्या ओळीवर बसून राहिला.

नमुन्याच्या पानावर जागोजागी लॅटिन मजकूर होता, तो 'लोरेम इप्सम.' जागा भरायला वापरतात, वाचायचा नसतो. मला न वाचायची सवय नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की हा मजकूर मुळात सिसेरोचा. इसवीसनापूर्वी 45 साली त्याने सुख-दुःखावर लिहिलेल्या ग्रंथातला उतारा कापून, मोडून, शब्दांची फिरवाफिरव करून केलेला. 1960च्या दशकात लेट्रासेटच्या अक्षरं उमटवायच्या तावांवर तो आला, आणि तिथून संगणकावर. पण खरी गंमत पहिल्याच शब्दात आहे. 'लोरेम' असा लॅटिन शब्दच नाही. मूळ शब्द 'डोलोरेम', म्हणजे दुःख. 1914च्या एका आवृत्तीत हा शब्द पानाच्या शेवटी तुटतो. 'डो' अलीकडच्या पानावर राहतो आणि 'लोरेम' पलीकडच्या पानाच्या माथ्यावर येतो. कोणीतरी पान उलटून न बघता तिथूनच उचललं असणार, असं म्हणतात. जगभरच्या लाखो पानांवर हे तुटकं दुःख छापलं गेलं आणि एकाही प्रूफरीडरला लाल पेन उचलू दिलं नाही! त्या रात्री मला झोप लागली नाही. हिला कारण सांगितलं, तर म्हणाली, "अहो, ज्याचं दुःख त्याला नाही, तुम्ही कशाला?"

मराठी मजकूर टाकायला घेतला आणि माझं स्वतःचं दुःख सुरू झालं. जुनी प्रशस्तिपत्रं श्रीलिपीत टाइप केलेली होती. ती इथे चिकटवली की इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची रांगोळी उमटायची, कारण त्या काळच्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी चित्रं बसवलेली होती. घर तेच, भाडेकरू बदललेला. ते सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. मग कळलं की नमुन्यातल्या देखण्या फॉन्टला देवनागरी येतच नाही. तो ते काम गुपचूप दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टकडे ढकलतो. त्यात शीर्षकांची अक्षरं सुटी-सुटी, ऐसपैस ठेवायची त्या नमुन्याची हौस. इंग्रजीला ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. माझं नाव दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसायला लागलं. शिवाय ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरचे रफार छाटलेले आणि खालचे उकार बुडालेले. 'पूर्वानुभव' या शब्दाला अनुभव तेवढा उरला होता.

यावर इलाज आहे, आणि तो फुकट आहे, म्हणून सांगून ठेवतो. अक्षरांमधलं अंतर शून्य करायचं, ओळींमधलं वाढवायचं, आणि गुगलच्या फॉन्टसंग्रहातून देवनागरीसाठी घडवलेला फॉन्ट घ्यायचा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला 'मुक्त' आहे. 'टिरो देवनागरी' तर हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा तीन वेगळ्या अवतारांत मिळतो, आणि मराठीच्या अवतारात पाकळ्यांचा ल मिळतो. दांडीचा ल पाहिला की मला रेल्वेच्या आरक्षणाचा फॉर्म भरतोय असं वाटतं. भाचीला दोन्ही ल दाखवले. ती म्हणाली, "सेमच तर आहेत." मी विषय बदलला.

वेबसाइटीला पत्ता लागतो. 2014 पासून देवनागरीत '.भारत' असा पत्ता मिळतो हे कळल्यावर मी हट्टाने तोच घेतला. अडचण एवढीच, की इंटरनेटवर पत्ते शोधणारी जुनी यंत्रणा फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ ओळखते. म्हणून ब्राउझर आतल्या आत मराठी नावाचं रूपांतर करतो: एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे अक्षरांची खिचडी. मी पत्ता कॉपी करून मोठ्या अभिमानाने ओळखीच्यांना पाठवला, तो या खिचडीच्या रूपात गेला. "काका, तुमचा फोन हॅक झालाय, कशावर क्लिक करू नका," असे उलट फोन आले. एका प्रकाशकांनी मला खबरदारी म्हणून ब्लॉक केलं.

पण खरं कोडं याच्या पुढे होतं. पोर्टफोलिओत काम दाखवायचं असतं. चित्रकार चित्र लावतो, सुतार कपाटाचा फोटो लावतो. मी काय लावू? छापलेलं पुस्तक लावलं तर त्यात माझं काहीच दिसत नाही, तेच तर माझं काम. लाल खुणांनी भरलेलं प्रूफ लावलं तर काम दिसतं, पण त्याबरोबर लेखकही दिसतो. माझ्याकडे काही नामवंतांची अशी पानं आहेत की ती लावली तर मराठी साहित्याचे दोन-तीन पुरस्कार परत मागवावे लागतील. न्हावी आणि मुद्रितशोधक यांनी गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय पाहिलं ते बाहेर सांगायचं नसतं. 'अभिप्राय' म्हणून लेखकांकडून चार ओळी मागवल्या, तर त्या तपासायला माझ्याकडेच आल्या, आणि तपासल्यावर त्या माझ्याच वाटायला लागल्या.

कंटाळून मी एक दिवस जगातलं पहिलं वेब पान उघडून बघितलं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधनसंस्थेत 1991 साली लोकांसमोर आणलेलं. ते आजही पाहायला मिळतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, लिंकांखाली रेघा, चित्र एकही नाही, धावणारा आकडा नाही, तळं नाही. मला हा माणूस एकदम आपला वाटला. पुढे वेबमध्येही एक प्रूफाची चूक शिरलीच. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ब्राउझर 'हा अमक्या ठिकाणाहून आला' अशी चिठ्ठी सोबत देतो. तिच्या 'रेफरर' या इंग्रजी नावातला एक आर गळाला, 1996च्या अधिकृत दस्तऐवजात तसाच छापला गेला, आणि आता सुधारायला जावं तर जुन्या यंत्रणा अडखळतील, म्हणून आजही तसाच चालतो. सांगायचं काय, तर तेव्हा आमच्यातलं कोणी तिथे नव्हतं.

मी सगळं पुसलं. एकच पान ठेवलं. वर नाव, खाली फोन नंबर आणि फॉर्मचा दर, मध्ये दोन रकाने: 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'साठी कोणाची अब्रू घ्यायला नको म्हणून वाक्य मीच रचलं: 'सुप्रसिध्द कवियत्रींच्या आशिर्वादाने या पारंपारिक सोहळ्याचे महत्व वाढले असुन अनेक तज्ञ उपस्थीत होते.' खरं सांगायचं तर यात मला फारसं रचावं लागलं नाही. गणपतीत कुठल्याही मांडवाबाहेर उभं राहिलं की असं वाक्य फलकावर आयतं मिळतं. 'नंतर'मध्ये तेच वाक्य कवयित्री, आशीर्वाद, पारंपरिक, महत्त्व, तज्ज्ञ असं अंघोळ घालून, भांग पाडून उभं केलं.

साइट सुरू झाल्यावर पहिली मेल आली ती एका निवृत्त मुख्याध्यापकांची. 'आपल्या संकेतस्थळावर, डावीकडे, पारंपारिक असे अशुद्ध छापले आहे. आपण स्वतःला शुद्धलेखनाचे जाणकार म्हणवता! खेद वाटतो.' दुसऱ्या एका बाईंनी डावीकडच्या सगळ्या चुका क्रमांक घालून कळवल्या आणि उजवीकडचा रकाना 'त्या मानाने बरा' असल्याचा निर्वाळा दिला. तिसऱ्यांनी उजवीकडच्या 'सोहळ्याचे' या शब्दाऐवजी 'समारंभाचे' सुचवलं. त्यांची मेल उत्तम मराठीत होती. मी तिघांनाही आभाराची पत्रं पाठवली आहेत. प्रूफं वाचायला जास्तीची माणसं मला नेहमीच लागतात.

संपादकबाईंना लिंक आवडली. "खूप मिनिमल आहे, सर," त्या म्हणाल्या. मात्र काम त्या लिंकवरून अजून आलेलं नाही. ते येतं फोनवर, रात्री साडेनऊनंतर, 'उद्या सकाळी छपाईला जातंय, जरा नजर टाकता का' असं म्हणत. जरा नजर टाकण्याचा दर मी आता पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत दिला आहे, आणि तो फॉर्मच्या दराच्या दुप्पट आहे. पुस्तक काढणार असाल तर तेवढी ओळ आधी वाचा.