अहो, 'मोईन' म्हणा, 'मोईन'!

परदेशी भाषा माणसाने शिकावी, नाही कोण म्हणतंय? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून मॅक्समुल्लर भवनापर्यंत लोकांनी पिढ्यानपिढ्या 'डेर, डी, दास' घोकलंच की! पण आता व्याकरण हवंय कोणाला? जर्मनीची आठ दिवसांची सहल ठरली रे ठरली, की मंडळी निघाली थेट टपोरी जर्मन शिकायला. 'गुटन टाग' म्हणे पाठ्यपुस्तकी! हॅम्बुर्गला उतरलात की 'मोईन' म्हणायचं. सकाळी मोईन, दुपारी मोईन, रात्री दहालाही मोईन. 'मोईन मोईन' असं दोनदा म्हणालात, तर तिथली जुनी खोडं तुम्हाला बडबडे ठरवून मोकळी होतात. आणि म्युनिकला? तिथे 'सेर्वुस'. येतानाही तेच, निघतानाही तेच. पावाचं तर विचारूच नका. बर्लिनमध्ये 'श्रिप्पे', म्युनिकमध्ये 'सेम्मेल', हॅम्बुर्गमध्ये 'रुंडश्टुक'. दीड इंच जाडीच्या पावासाठी एवढा अभ्यास? दहावीला केला असता तर बोर्डात नसते का आले?

बरं, पोरंसोरं नादावली तर समजू शकतो. पण ज्या काकांनी जन्मभर कोणाला 'अरे' म्हटलं नाही, ते आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला 'ना, आल्टर?', म्हणजे 'काय रे, भावा?', करतात! काकू परवापर्यंत भिशीत लोणच्याचं प्रमाण सांगायच्या. आता सुनेने काही सुनावलं की खांदे उडवून म्हणतात, 'इस्ट मिअर वुर्श्ट'. सॉसेजचा उच्चार, तोही चातुर्मासात! अर्थ काय, तर 'मला काय त्याचं!' सासूला याहून सोयीचं वाक्य कुठल्या भाषेत मिळणार? आणि 'प्रोस्ट'ची तालीम? ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, तर सात वर्षं शय्यासुखाची बोंब, अशी तिकडची समजूत. हे कळल्यापासून सोसायटीचे झाडून सगळे ज्येष्ठ नागरिक ताकसुद्धा एकमेकांकडे टक लावून पितात म्हणे!

खरी गंमत पुढेच आहे. लांगेनशाइट ही प्रकाशनसंस्था 2008 पासून जर्मन तरुणाईचा 'वर्षाचा शब्द' जाहीर करते. 2020 साली कोणता निवडला? 'लॉस्ट'. 2021 ला 'क्रिंज', 2023 ला 'गूफी'. घ्या! आपण इकडे घसा खरवडून 'आख' आणि 'इश' करतोय आणि ते तिकडे इंग्रजी झाडतायत. बर्लिनच्या कॅफेत तुम्ही झोकात जर्मन फेकावं आणि वेट्रेसने शांतपणे इंग्रजीत विचारावं, 'ओट मिल्क चालेल?' याहून मोठा पाणउतारा कोणता?

आपण बाई असल्या भानगडीत नाही! आपण फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता 'क्रास!', म्हणजे 'भारीच!', म्हणून बघतो. ट्रॅफिकमध्ये अडकलो की 'काइन बोक' पुटपुटतो, म्हणजे आज अजिबात मूड नाही. तुम्हीही पुटपुटता, उगाच साळसूद चेहरा करू नका.

तेव्हा शिका, खुशाल शिका. एवढंच सांभाळा: 'आल्टर' आणि त्याच अर्थाचं 'डिगा' दोस्तांपुरतं. तिकीट तपासनीस, दुकानातल्या आजीबाई आणि विशेषतः पोलीस यांना अदबीने 'झी'च म्हणायचं. जर्मनीत अपमान करणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि पोलिसाला 'डू' म्हणून एकेरीवर येणंही दंडापर्यंत जाऊ शकतं. तो दंड मात्र खणखणीत युरोमध्ये भरावा लागतो!