डोमेन कंट्रोलर साहेबांना खुले पत्र

प्रति,
माननीय डोमेन कंट्रोलर साहेब,
सर्व्हर खोली, नोएडा

विषय : स्टोरेज सर्व्हरवरील विश्वास वारंवार उडत असल्याबाबत

महोदय,

डोमेनमध्ये सामील झालेल्या स्टोरेज सर्व्हरचे, म्हणजे कार्यालयात ज्याला नुसते ‘नॅस’ म्हणतात त्याचे, साहेबांच्या दफ्तरी कर्मचाऱ्यासारखेच खाते असते. खात्याला पासवर्डही असतो. तो यंत्र स्वतःच ठरावीक मुदतीने बदलते. विंडोजची मूळ मुदत ३० दिवसांची, नॅसवर चालणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरची ७ दिवसांची. या व्यवहारात कुठेही बिनसले की ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’ असा निरोप येतो आणि लेखा विभागाचे फोल्डर उघडेनासे होते. निरोपात कारण नसते. कारण देण्याची साहेबांची प्रथा नाही.

कारणांत पहिला मान घड्याळाचा. ओळख पटवण्याचे काम कर्बेरोस करते. ही पद्धत एमआयटीत १९८० च्या दशकात तयार झाली. दोन यंत्रांच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की ओळख नाकारायची, ही तिची नेहमीची मर्यादा. तुलना यूटीसीत होते. नॅसचा टाइम झोन यूटीसीवरच राहिला आणि कोणी भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ हाताने भरली, तर पडद्यावर सारे बरोबर दिसते. आत मात्र ५ तास ३० मिनिटांचा घोळ असतो.

हे राजधानी क्षेत्रात घडावे, याला विशेष शोभा आहे. भारताची प्रमाण वेळ राखणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा नवी दिल्लीतच आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी घड्याळे एनआयसीच्या किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवायची आहेत. कर्बेरोसला मात्र खऱ्या वेळेशी देणेघेणे नाही, साहेबांच्या वेळेशी आहे. साहेबांसह सारे कार्यालय १० मिनिटे मागे असले तरी कारभार सुरळीत चालतो. एकट्या नॅसने प्रयोगशाळेची वेळ पाळली तर अविश्वासू तोच ठरतो. म्हणून प्रयोगशाळेची वेळ आधी साहेबांनी घ्यावी आणि नॅसने ती साहेबांकडून घ्यावी.

दुसरे कारण पत्त्याचे. साहेबांचा ठावठिकाणा डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींत असतो. गुरुग्रामच्या शाखेत इंटरनेट मंद वाटले म्हणून कोणी नॅसच्या डीएनएसमध्ये ८.८.८.८ भरले, तर गूगलला जगाचे पत्ते माहीत असतात, साहेबांचा नसतो. साहेब सापडतच नाहीत आणि ठपका नॅसवर येतो.

पासवर्ड खरोखर चुकण्याचे प्रसंगही येतात. नॅसच्या सेटिंगची बरीच जुनी प्रत परत बसवली की जुना पासवर्डही परत येतो. किंवा नव्या यंत्राला जुन्याचेच नाव देऊन डोमेनमध्ये सामील केले जाते. नवे यंत्र जुन्याचे खाते बळकावते आणि जुने दारात उभे राहते.

म्हणून तपासाचा क्रम असा : आधी वेळ, मग डीएनएस, मग ‘नेट अॅड्स टेस्टजॉइन’ ही आज्ञा. डोमेनमधून काढून पुन्हा सामील करणे हा शेवटचा उपाय. प्रत्यक्षात तो पहिला होतो, कारण त्याला विचार लागत नाही. त्या घाईत वापरकर्त्यांचे ओळखक्रमांक जुळवणारी जुनी नोंद पुसली गेली, तर फायलींच्या मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसतो आणि परवानग्या नव्याने लावत बसावे लागते.

साहेबांना सारे ठाऊक नसते असेही नाही. त्यांच्या नेटलॉगनच्या नोंदींत ५७२२ आणि ५८०५ या क्रमांकांखाली नाकारलेल्या यंत्राचे नाव लिहिलेले असते. तक्रारदाराला मात्र तो कागद दाखवला जात नाही. तरी विनंती की, विश्वास उडाल्याचे कळवताना तो घड्याळामुळे उडाला, पत्त्यामुळे की पासवर्डमुळे, एवढी एक ओळ निरोपातच लिहावी.

कळावे.