भीमसेनांचे जुने श्रोते कसे व्हावे : खास नाशिककरांसाठी

नाशिकमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला तीन प्रकारची माणसे येतात. तिकीट काढून आलेली, पास मिळवून आलेली आणि भीमसेनांना ऐकून आलेली. पहिल्या दोघांना खुर्चीचा नंबर शोधावा लागतो. तिसऱ्याला बघून पुढच्या रांगेतला कोणीतरी आपणहून उठतो आणि "या काका, इथे बसा" म्हणतो. हा मान ज्यांना हवा आहे, त्यांनी पुढील सूचना लक्षपूर्वक वाचाव्यात. या कामाला गळा लागत नाही. कानही बेताचा चालतो. वय मात्र लागते.

तेव्हा आधी वयाचा हिशेब. भीमसेन जोशी जन्मले ४ फेब्रुवारी १९२२ रोजी, गेले २४ जानेवारी २०११ रोजी. या दोन तारखा पाठ असाव्यात, कारण थापा मारणारा नेहमी तारखेत सापडतो. जानेवारी १९४६ मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या मैफलीने त्यांचे नाव झाले. त्या मैफलीला आपण होतो असे सांगायची हौस कितीही असली, तरी त्यासाठी आज नव्वदी ओलांडलेली हवी. त्यापेक्षा सवाई गंधर्व महोत्सव बरा. तो १९५३ पासूनचा, पूर्वी रात्र-रात्र चालणारा, आणि मांडवात कोण बसले होते याची हजेरी कोणी घेतलेली नाही. साठीच्या अलीकडच्यांनी "ऐन बहरातले" हा शब्द टाळून "उतारवयातले, पण काय उतारवय हो!" असे म्हणावे. वजन तेवढेच पडते.

संबोधनात चूक झाली की सगळे मुसळ केरात. "भारतरत्न पंडित भीमसेन जोशी" असे साग्रसंगीत म्हणणारा माणूस निवेदक तरी असतो, नाहीतर नगरसेवक. जुना श्रोता नुसते "भीमसेन" म्हणतो. "अण्णा" म्हणायला घरोबा लागतो. तो नसेल तर वाक्याच्या ओघात एकदाच म्हणून बघावे आणि समोरच्याच्या भुवया पाहून पुढे जावे.

चरित्राचा भाग सर्वांना पाठ असतो, म्हणून तो झटपट उरकावा. गदगचा मुलगा, अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावतो, अकरा वर्षांचा असताना घरातून पळतो, बिनतिकीट रेल्वेने ग्वाल्हेरकडे निघतो, वाटेत तिकीट तपासनीसांना गाणे ऐकवतो. इथे थांबू नका. हे पुणेकरही सांगतात. नाशिककराचा पत्ता पुढे आहे. भटकत भटकत हा मुलगा जालंधरला पोहोचतो, तिथल्या हरिवल्लभ संगीत संमेलनात त्याला विनायकबुवा पटवर्धन भेटतात आणि म्हणतात, अरे, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व असताना तू इथे काय करतोस? आता विनायकबुवा कोण? विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आणि विष्णु दिगंबरांनी अखेरच्या काळात आपला आश्रम कुठे मांडला? आपल्या पंचवटीत! एवढे बोलून गप्प बसावे. भीमसेन घडले ते नाशिकमुळे, हे आपण म्हणायचे नसते, ऐकणाऱ्याच्या मनात ते आपोआप येते. नाही आले तर द. वि. पलुस्करांना काढावे. ते जन्माने नाशिककर, २८ मे १९२१ चे, म्हणजे भीमसेनांपेक्षा जेमतेम आठ महिन्यांनी मोठे, आणि १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. ते राहिले असते तर... हे वाक्य पुरे करायची पद्धत नाही. इथे सगळेच उसासा टाकतात, आणि खरे सांगायचे तर तो उसासा खोटा नसतो.

यानंतर गाडी. हा या विद्येचा मुख्य पेपर समजा. भीमसेन गाण्याइतकेच गाडी चालवण्यासाठी प्रसिद्ध होते. स्वतः चालवत, लांब लांबचे पल्ले मारत, आणि इंजिनाची नाडी त्यांना कळत असे. विमानाने तर इतके हिंडले की पु. ल. देशपांड्यांनी त्यांना 'हवाईगंधर्व' करून टाकले. आज या गावी, उद्या त्या गावी, आणि प्रत्येक ठिकाणी तेवढ्याच ताकदीने षड्ज. अशा गायकाचा श्रोता होताना प्रत्येक आठवणीत रस्ता आलाच पाहिजे. "पुण्याहून निघाले, स्वतः गाडी चालवत. नारायणगाव, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. इकडे आयोजक घामाघूम. तंबोरे जुळलेले. आणि दारात गाडी थांबली, उतरले ते सरळ स्टेजवर." ही कथा नाशिकच्या कोणत्याही मैफलीला लावता येते, म्हणून साल सांगू नये. साल विचारलेच तर "त्या वेळी सिन्नरचा रस्ता हा असा नव्हता" एवढे म्हणावे. रस्त्याचा विषय निघाला की नाशिककर गाणे विसरतो. सिन्नर फाट्यावर किती वेळ अडकलो हे प्रत्येकाला सांगायचे असते.

प्रत्यक्ष गाण्याचे वर्णन करताना हात मोकळे ठेवा. ते गाताना केवळ गळ्याने गात नसत. उजवा हात वर जाई, मूठ वळे, कुठल्यातरी खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा खांदा मागे येई, मान तिरकी होई, डोळे मिटलेले, आणि हे सगळे चालू असताना तार षड्ज मात्र निवांत उभा. शुद्ध कल्याणात त्या षड्जावर ते थांबले की तबलजी ठेका धरून आहे हेही विसरायला होई, आणि मग वरून जी तान सुटे ती थेट समेवर येऊन पडे. किराण्याच्या स्वराला त्यांनी हा असला दम दिला. त्यासाठी केसरबाईंपासून अमीर खाँपर्यंत जिथे चांगले दिसले तिथून उचलले, आणि उचललेले शेवटी त्यांचेच वाटले. संतवाणीत माउली टाकळकरांचा टाळ सुरू झाला की शेजारची आजी आणि मागचा इंजिनिअर यांच्यात काही फरक उरत नसे. (या परिच्छेदात मार्गदर्शकाचा तोल जरा गेला आहे. विद्यार्थ्यांनी इतके वाहून जाऊ नये. नाहीतर गाणे खरेच आवडते असा संशय येतो.)

साहित्य फारसे लागत नाही. एक कॅसेट, जिच्यावरचे शाईचे अक्षर पुसट झाले आहे. ती वाजत नसावी. वाजली तर लोक ऐकायला मागतात. 'बसंत बहार'चा उल्लेख मात्र जपून करावा. १९५६ च्या त्या चित्रपटात भीमसेन आणि मन्ना डे यांची जुगलबंदी आहे, आणि कथेप्रमाणे तीत भीमसेनांना हरायचे होते. मन्ना डे यांनाच या कल्पनेने धडकी भरली होती. जुन्या श्रोत्याने इथे "हरले म्हणजे, हरून दाखवले" एवढीच दुरुस्ती करावी. १९८८ च्या 'मिले सुर'बद्दल कोणी बोलू लागले तर मान डोलवावी पण फार नको. ते दूरदर्शनमुळे सगळ्यांनीच ऐकले आहे, आणि जे सगळ्यांनी ऐकले त्याचा आपल्याला उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष सभागृहातले वर्तन. कालिदास कलामंदिर असो, कुसुमाग्रज स्मारक असो, की पिंपळपारावरची पाडवा पहाट, नियम तेच. गायक आजचा, पस्तिशीचा, तयारीचा. त्याने षड्ज लावताच शेजाऱ्याकडे झुकावे आणि म्हणावे, "गळा चांगला आहे." या 'चांगला'मध्ये सगळे आले. दाद समेवर देऊ नये, ती सगळे देतात. समेच्या जरा आधी, कुणाच्याच लक्षात आले नाही अशा जागी "अहा" म्हणावे. गायकही दचकतो. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत दोन-तीन तरुण गाठून "तुम्ही भीमसेनांना समोर बसून ऐकले नाहीत ना?" असे हळहळून विचारावे. ते बिचारे जन्मलेच उशिरा, पण अपराध्यासारखे चेहरे करतात. पाडवा पहाटेला हा प्रयोग पहाटे करू नये, थंडीत कोणी थांबत नाही. उन्हे आल्यावर मिसळीच्या टेबलावर करावा; तिथे तर्री येईपर्यंत श्रोता पळू शकत नाही.

इतके करूनही एक धोका राहतो. हल्ली वीस-बावीस वर्षांच्या मुली येतात. कानात ते वायरलेस बोंडूक, खांद्याला झोळी. यांनी भीमसेनांना प्रत्यक्ष पाहिलेले नसते, पण मोबाइलवर सगळे ऐकलेले असते, आणि सगळे म्हणजे सगळे. एकच राग पाच मैफलींतला, पाच वेगवेगळ्या वर्षांचा. आपण डोळे मिटून "काय तो त्यांचा मारवा! त्या रात्री कलामंदिरात..." असे सुरू करतो, आणि ती आठवणीतली चीज आपण गुणगुणतोही. मुलगी शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, "काका, पण ही पूरियातली आहे ना? स्वर तेच, पण तुम्ही गंधार आणि निषादावर थांबताय. मारव्यात रिषभ-धैवतावर थांबतात."

अशा प्रसंगी वाद घालू नये, ती बरोबर असते. रागावूही नये. "भीमसेन दोन्ही गायचे" असे म्हणावे, जे खरेच आहे, आणि तिसरी घंटा झाली का ते पाहावे. झाली नसेल तर तिला आणखी काय काय ऐकले आहे ते विचारावे, आणि तिच्याकडचे दुसरे बोंडूक मागून कानात घालावे. कार्यक्रम सुरू झाल्यावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असली तर तिथेच बसावे. पुढच्या रांगेत आपली जागा कोणीतरी धरून ठेवली असेल, त्याला हाताने खूण करून "बसा, बसा" म्हणावे.