मांजरांचा दादा

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, यावर उंदरांची सभा अजून चालूच असेल. कोथरूडात माणसं सरळ फोन करून अपॉइंटमेंट घेतात. अंघोळ, ड्रायर, कान-डोळे पुसणं, नखं कापणं, आणि हवी असल्यास घंटाही. सगळं हजार-दीड हजारात, घरपोच.

घरपोच येणारा हा इसम म्हणजे कॅट ग्रूमर. स्कूटरवर पायापाशी फुगलेली बॅग, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, आणि बाह्या वर सरकवल्या की मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या-नव्या ओरखड्यांची खतावणी. वय पंचविशी-तिशीचं, पण सगळे त्याला दादा म्हणतात. ज्यांचा नातू त्याच्या वयाचा आहे ते आजोबासुद्धा. दार उघडलं की नमस्कार-चमत्कार नाही. पहिला प्रश्न, ‘‘गॅलरीचं दार लावलंय ना?’’

गडी बी.कॉम. झालेला. आई नातेवाइकांत सांगते, ‘पेट इंडस्ट्रीत आहे.’ पोरगा मांजरांना अंघोळ घालतो, हे वधूपित्याच्या तोंडावर सांगायची सोय अजून आपल्याकडे झालेली नाही. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये पाळीव मांजरांनाही परवाना लागू करायचं ठरवलं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘‘मांजरांची नोंदणी सुरू झाली काका. आमचं नाव वधू-वर मंडळात तीन वर्षं तसंच पडून आहे.’’

त्याची खरी परीक्षा मांजर घेत नाही. ती घेतात घरातल्या आजी. ‘‘आमच्या वाड्यात सात मांजरं होती. एकीला म्हणून कधी कुणी पाणी लावलं नाही. मांजर आपलं आपण चाटून स्वच्छ राहतं.’’

‘‘बरोबर आहे आजी,’’ दादा म्हणतो. भांडायचं नाही हा त्याचा नियमच आहे. मग तो मोबाइलवर वाचलेलं सांगतो. मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, त्यांची टोकं पोकळ असतात, आणि त्यांत भरलेली लाळ केसांतून थेट कातडीपर्यंत जाते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे शोधून काढलं. देशी मांजराला तेवढं पुरतं. पर्शियनचे केस मात्र इतके लांब आणि दाट, की काटे कातडीपर्यंत पोचतच नाहीत. मग गाठी होतात.

आजी शांतपणे ऐकून घेतात. ‘‘म्हणजे जीभ आखूड नि केस लांब. मग असलं मांजर आणलंच कशाला?’’

या प्रश्नावर दादा बॅगेची चेन उघडायला लागतो. त्याचं घर याच प्रश्नावर चालतं.

कामाला लागला की मात्र बघत राहावं. कॉटखालून ओढून काढलेलं मांजर (नाव शेरा, जात वाघाची मावशी, आणि आवाज रिक्षाच्या टायरखाली आल्यासारखा) टॉवेलात बारशाच्या बाळासारखं गुंडाळून घेतो. एक एक पंजा बाहेर काढायचा, अंगठ्यानं गादी हलकेच दाबायची, नख बाहेर येतं. आतली गुलाबी शीर सोडून फक्त पांढरं टोक कापायचं. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, मिळून अठरा. शेराला कळायच्या आत पहिली बारा झालेली असतात. उरलेल्या सहांचा हिशेब दादाच्या शर्टावर चुकता होतो. काखेतल्या गाठीला तो कात्री लावत नाही. मांजराची कातडी पातळ, गाठीबरोबर वर उचलून येते, आणि कात्रीला केस कुठला नि कातडी कुठली ते कळत नाही. तिथे ट्रिमर, तोही इंच-इंच.

बाथरूममध्ये मालकिणीला प्रवेश नाही. ‘‘ताई, तुम्ही हॉलमध्ये बसा.’’ ताई बसत नाहीत. दाराला कान लावून ‘‘मम्मा इथेच आहे हं बाळा!’’ असा धीर देतात, आणि तो ऐकून बाळ नव्या जोमानं किंचाळतं. दादा नळ थोडा मोठा करतो. यजमान मोबाइल घेऊन व्हिडिओसाठी फट शोधत असतात. ‘‘झोपेचं इंजेक्शन देऊन टाका की सरळ,’’ असं सुचवणारे शेजारचे काकाही असतात. ते डॉक्टरांचं काम आहे, एवढंच उत्तर मिळतं.

दादाचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. कुणीतरी अभिमानानं सांगितलं होतं की, पिसवांसाठी कुत्र्याचं गोचिडाचं औषध थोडंसं मांजरालाही लावतो. दादानं ड्रायर बंद केला. ‘‘काका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला ते विष आहे. बाटली दाखवा आधी.’’ बाटलीत तेच निघालं. अंघोळ तिथेच थांबली आणि सगळी वरात दवाखान्यात गेली. त्या दिवशीचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

एरवी मात्र तो कुणाला दोष देत नाही. तीन महिने कंगवा लावला नाही, हे शेराच्या पोटाकडे बघून शेंबड्या पोरालाही कळावं. दादा फक्त विचारतो, ‘‘कंगवा आहे ना घरात?’’ कंगवा येतो; किमतीचं लेबल अजून त्यावरच. मग लायन कट अटळ. डोकं, पाय आणि शेपटीचा गोंडा तेवढा ठेवून बाकी सफाचट. संमती तो आधी व्हॉट्सॲपवर लिहून घेतो, कारण नंतर ताईंचे डोळे भरून येतात. शेरा बाहेर येतो, स्वतःकडे बघतो आणि सोफ्याखाली जातो. ‘‘मुंज आटोपली म्हणायची,’’ आजी म्हणतात. रात्रीपर्यंत इन्स्टाग्रामवर ‘न्यू लुक’ पडलेला असतो, आणि ताईंचे डोळे कोरडे झालेले असतात.

दादाच्या स्वतःच्या घरी देशी बोका आहे. त्याला त्यानं आजवर पाणी लावलेलं नाही. आजींना हे कळलं तर आपलं काही खरं नाही म्हणून ताई तेवढं लपवून ठेवतात.

निघताना दादा न चुकता बजावतो, ‘‘रोज दहा मिनिटं कंगवा फिरवा, मग मला बोलवायची गरजच पडणार नाही.’’ अगदी मनापासून सांगतो. मग चपला घालता घालता पुढच्या तीन महिन्यांनंतरची तारीख डायरीत लिहून घेतो. पेनानं.