कुमारवाले काका

आमच्या सोसायटीत कोणी कोणाचा पगार विचारत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका मात्र नव्या माणसाला एकच विचारतात, "कोणाचं ऐकता?" माझं सामान टेंपोतून उतरत होतं तेव्हाच त्यांनी मला गाठलं. मी भाबडेपणानं म्हणालो, "सगळ्यांचंच!" पुढे वर्षभर काका माझ्याशी फक्त पाण्याच्या वेळांबद्दल बोलले.

काका कुमारवाले. कुमार गंधर्वांना ते नुसतं 'कुमार' म्हणतात, तेही चुलतभाऊ असल्यासारखं. देवासच्या टेकडीवरचा एक खडा त्यांच्या देव्हाऱ्यात शाळिग्रामाच्या शेजारी असतो. मांजरीचं नाव निंदियारी, कुमारांच्या रागावरून. (दिवसभर झोपते, त्यामुळे नाव शोभतंही.) लिफ्ट बंद पडली आणि जिन्यात धाप लागली की काका कठड्याला टेकून म्हणतात, "कुमारांचं... एक फुप्फुस... क्षयानं गेलं. तरी... गायले!" आणि तुटक बोलण्यालाही घराण्याचा आधार असल्यासारखे खूश होतात.

घोळ एकच. काकू भीमसेनवाल्या. दोघांचं जमलं ते 'सवाई'त, रमणबागेच्या मंडपात, पहाटेच्या थंडीत एका थर्मासवर. कोण कोणाचं हे साखरपुडा झाल्यावर उघड झालं. वाद टोकाला गेला की काकूंचं ब्रह्मास्त्र ठरलेलं : "अहो, भीमसेनांनी १९५३ साली तो महोत्सव सुरू केला नसता, तर तुम्ही अजून खानावळीत जेवत असता!" ४ फेब्रुवारीला काकू भीमसेनांच्या वाढदिवसाची पुरणपोळी करतात, ८ एप्रिलला काका कुमारांसाठी श्रीखंड आणतात. स्वतःचे वाढदिवस दोघांना बँकेच्या मेसेजवरून कळतात. जावई अजय-अतुलवाला निघाला, तेव्हा मात्र दोघं पहिल्यांदाच एका पक्षात आली.

गेल्या महिन्यात काकू आठ दिवस बहिणीकडे सांगलीला गेल्या. "आता घरात फक्त कुमार!" काकांनी जिन्यातच जाहीर केलं. चौथ्या दिवशी सकाळी चुकून माझ्या दाराशी पडलेली त्यांची दुधाची पिशवी द्यायला वर गेलो, तर दार उघडं आणि आत भीमसेनांची तोडी, तीही चांगली मोठ्यानं. काका दचकून उठले.

"तिला सवय आहे हो," निंदियारीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "ऐकल्याशिवाय दूधच पीत नाही."

निंदियारी सोफ्याखाली गाढ झोपली होती.